५५ कॅन्क्री ई : एका तप्त शिलाग्रहाचे बदलते आकलन

प्रस्तावना

पुष्य नक्षत्र ज्या कर्क राशीत येते, त्या राशीच्या उत्तर भागात सहाव्या दृश्यप्रतीचा एक पिवळसर तारा आहे. निरभ्र व काळोख्या आकाशात तीक्ष्ण दृष्टीच्या माणसाला तो जेमतेम दिसतो. फ्लॅमस्टीड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तारासूचीत त्याचा क्रमांक ५५ असल्याने त्यास ५५ कॅन्क्री असे म्हणतात. तो पृथ्वीपासून सुमारे ४१ प्रकाशवर्षे दूर असून आकाराने व वस्तुमानाने सूर्यापेक्षा किंचित लहान आहे. त्याच्याभोवती पाच ग्रह ज्ञात आहेत. ग्रहांना शोधाच्या क्रमाने अक्षरे देण्याची प्रथा असल्याने सर्वांत आतल्या, परंतु चौथ्या क्रमाने सापडलेल्या ग्रहास ‘ई’ हे अक्षर मिळाले. प्रस्तुत लेखाचा विषय हाच ग्रह आहे.

सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला बाह्यग्रह १९९५ मध्ये जिनिव्हा येथील मिशेल मेयर व दिदिए केलोझ यांनी शोधला. तो गुरूसारखा वायुमय होता व अवघ्या सव्वाचार दिवसांत ताऱ्याभोवती फेरी पूर्ण करीत होता. ताऱ्याच्या इतक्या निकट ग्रह असू शकतो ही बाब त्या काळी अनपेक्षित होती. पुढे २००९ मध्ये फ्रान्सच्या पुढाकाराने सोडलेल्या कोरो या उपग्रहाच्या साहाय्याने कोरो-७ बी हा ग्रह उघडकीस आला. त्याची त्रिज्या पृथ्वीच्या दुपटीहून कमी असून त्याचे वर्ष सुमारे साडेवीस तासांचे आहे. ताऱ्याला जवळजवळ चिकटून फिरणारे खडकाळ ग्रहही असतात, हे त्यामुळे ध्यानी आले. २०११ मध्ये केप्लर-१० बी व २०१३ मध्ये केप्लर-७८ बी यांची भर पडली. आता अशा ग्रहांचा एक वर्गच मानला जातो. एका दिवसाहून कमी काळात प्रदक्षिणा पूर्ण करणारे हे ग्रह सूर्यासारख्या सुमारे दोनशे ताऱ्यांमागे एकाभोवती आढळतात.

या वर्गातील ५५ कॅन्क्री ई याची निवड करण्यास कारण आहे. त्याचा मूळ तारा तेजस्वी असल्याने त्याचा अभ्यास इतरांच्या तुलनेत अधिक झाला. त्याचा परिभ्रमण काल, त्याची घडण, त्याचे तापमान व त्याचे वातावरण यांविषयी वेळोवेळी निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते वृत्तपत्रांतून गाजले, आणि त्यांपैकी बहुतेक पुढे सुधारावे लागले. वर्गात बाह्यग्रहांचा विषय निघाला की ‘हिऱ्याचा ग्रह’ म्हणून आजही त्याचा उल्लेख होतो. त्या विधानाला २०१३ मध्येच धक्का बसला ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. हे निष्कर्ष कशावरून काढले गेले आणि ते का बदलले, हे येथे पाहावयाचे आहे.

अठरा तासांचे वर्ष

हा ग्रह २००४ मध्ये शोधला गेला तो डॉप्लर पद्धतीने. ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणामुळे तारा किंचित मागेपुढे हलतो व त्याच्या वर्णपटातील रेषा त्यानुसार सरकतात. ५५ कॅन्क्री ई मुळे ताऱ्याला मिळणारा हा वेग सेकंदाला सुमारे ६ मीटर, म्हणजे धावणाऱ्या माणसाच्या वेगाइतका आहे. त्यावरून परिभ्रमण काल २.८ दिवस व वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे चौदा पट, म्हणजे जवळजवळ नेपच्यूनच्या तोडीचे, असे अनुमान काढण्यात आले.

२०१० मध्ये रिबेका डॉसन व डॅनियल फॅब्रिकी यांनी याच निरीक्षणांची फेरतपासणी केली. त्यांच्या मते २.८ दिवस हा ग्रहाचा खरा काल नसून निरीक्षणाच्या वेळापत्रकाने निर्माण केलेला आभास होता. हा मुद्दा सांख्यिकीच्या कोणत्याही अध्यापकाला आवडेल असा आहे. पृथ्वीवरील दुर्बिणीतून तारा केवळ रात्री दिसतो. त्यामुळे निरीक्षणे साधारणतः चोवीस तासांच्या अंतराने होतात. समजा, ग्रह एका दिवसात १.३६ फेऱ्या मारतो. दररोज एकदाच पाहणाऱ्यास त्यातली पूर्ण फेरी कळतच नाही, ग्रह ०.३६ फेरी पुढे सरकला एवढेच दिसते. एक भागिले ०.३६ म्हणजे सुमारे २.८. म्हणजेच १८ तासांहून थोडा कमी काल असलेला ग्रह २.८ दिवसांचा भासतो. चित्रपटात धावत्या गाडीचे चाक संथपणे किंवा उलटे फिरताना दिसते, त्यामागील कारणही हेच.

खरा काल ०.७३६५ दिवस, म्हणजे १७ तास ४१ मिनिटे ठरला. काल बदलताच इतर सर्व राशी बदलल्या. कक्षा लहान झाली, आणि निकटचा ग्रह कमी वस्तुमानानेही ताऱ्याला तेवढेच हलवू शकत असल्याने वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे आठ पटींवर आले. शिवाय कक्षा जितकी लहान, तितकी ग्रह ताऱ्याच्या बिंबावरून जाताना दिसण्याची शक्यता अधिक. तसे असेल तर अधिक्रमण दिसावयास हवे, हे भाकीत तपासण्याजोगे होते. २०११ मध्ये कॅनडाच्या मोस्ट या छोट्या उपग्रहाने आणि नासाच्या स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीने दर १७ तास ४१ मिनिटांनी ताऱ्याचा प्रकाश किंचित मंदावत असल्याचे दाखवून दिले. ही घट दहा हजारांत केवळ काही भागांची होती. तीवरून ग्रहाची त्रिज्या पृथ्वीच्या सुमारे १.९ पट निघाली.

येथे थोडे गणित करून पाहणे उद्बोधक ठरेल. ग्रहाचे ताऱ्यापासूनचे अंतर सुमारे २३ लक्ष किलोमीटर आहे. बुधाचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर ५ कोटी ८० लक्ष किलोमीटर आहे. म्हणजे बुधाच्या तुलनेत हे अंतर पंचविसाव्या हिश्श्याइतके. ग्रहावरून पाहिल्यास ताऱ्याचे बिंब आकाशात सुमारे ३३ अंश व्यापेल. आपल्या सूर्याचे बिंब अर्ध्या अंशाचे असते. पृथ्वीला सूर्यापासून मिळणाऱ्या उष्णतेच्या सुमारे अडीच हजार पट उष्णता या ग्रहाला मिळते. इतक्या निकट असलेल्या ग्रहाचे स्वतःभोवतीचे भ्रमण भरती-ओहोटीच्या बलामुळे मंदावून कक्षेतील फेरीशी जुळते, असे मानले जाते. चंद्राची एकच बाजू पृथ्वीकडे असते, तशी ग्रहाची एकच बाजू ताऱ्याकडे राहते. एका गोलार्धावर कायमचा दिवस व दुसऱ्यावर कायमची रात्र. दिवसाच्या बाजूचे तापमान सिलिकेट खडकांच्या द्रवणांकाहून बरेच वर असल्याने तेथील पृष्ठभाग शिलारसाचा असावा.

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१५ मध्ये या ताऱ्यास कोपर्निकस व ग्रहास जान्सेन अशी नावे दिली. भारतीय वाचकास या नावाने १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी गुंटूर येथे आलेले ज्यूल जान्सेन आठवणे साहजिक आहे. तथापि ग्रहाचे नाव त्यांच्यावरून नव्हे, तर दुर्बिणीच्या शोधाशी ज्याचा संबंध जोडला जातो त्या झकारियास जान्सेन या डच चष्मे घडविणाऱ्यावरून दिलेले आहे.

हिऱ्याची कथा

त्रिज्या व वस्तुमान मिळाले की घनता मिळते. या ग्रहाची घनता घनसेंटिमीटरला सुमारे ६.७ ग्रॅम आहे, तर पृथ्वीची ५.५. वरकरणी हा ग्रह पृथ्वीहून अधिक ‘जड’ पदार्थांचा वाटतो. परंतु ते खरे नाही. आठ पृथ्वींइतके वस्तुमान एकत्र आले की स्वतःच्या भाराने खडक व लोह दाबले जातात. पृथ्वीसारखीच घडण असती, तर या ग्रहाची घनता याहून अधिक भरली असती. म्हणून त्यात काहीतरी हलका पदार्थ असला पाहिजे.

तो पदार्थ कोणता? सुरुवातीस एक उत्तर असे दिले गेले की, ग्रहाभोवती पाण्याचे किंवा अन्य बाष्पशील पदार्थांचे जाड आवरण असावे. २०१२ मध्ये मूळचे भारतीय व त्या वेळी येल विद्यापीठात असलेले निक्कू मधुसूदन यांनी आपल्या सहकाऱ्यांसमवेत दुसरे उत्तर मांडले. ५५ कॅन्क्री या ताऱ्यात कार्बनचे अणू ऑक्सिजनच्या अणूंहून अधिक असल्याचे एका मापनात आढळले होते. ग्रह व तारा एकाच मेघातून घडतात. ऑक्सिजनपेक्षा कार्बन अधिक असेल तर सिलिकेटांऐवजी ग्रॅफाइट, सिलिकॉन कार्बाइड आणि खोलवर प्रचंड दाबाखाली हिरा असा ग्रह संभवतो, आणि अशा ग्रहाची घनता निरीक्षणांशी जुळते. ग्रहाच्या वस्तुमानाचा किमान एक तृतीयांश भाग हिऱ्याचा असू शकेल, हे विधान जगभर मथळ्यांत झळकले.

मूळ शोधनिबंधात हे एक शक्य प्रतिमान म्हणून मांडलेले होते. दोन संख्या, म्हणजे वस्तुमान व त्रिज्या, ज्ञात असताना लोह, खडक, कार्बन, पाणी व वायू अशा पाच घटकांचे प्रमाण निश्चित करता येत नाही. समीकरणे कमी आणि अज्ञाते अधिक. त्यामुळे सारा भार ताऱ्यातील कार्बन व ऑक्सिजन यांच्या गुणोत्तरावर पडला होता. २०१३ मध्ये जोहाना टेस्की व सहकाऱ्यांनी हे गुणोत्तर नव्याने मोजले. पूर्वी १.१२ मानलेले मूल्य ०.७८ भरले. ताऱ्याच्या वर्णपटातील ऑक्सिजनच्या रेषा क्षीण असतात व त्यांत इतर मूलद्रव्यांच्या रेषा मिसळलेल्या असतात. म्हणून कोणती रेषा निवडली यावर उत्तर अवलंबून राहते. ०.७८ हे मूल्य सूर्याच्या तुलनेत अधिक असले, तरी हिऱ्याच्या ग्रहासाठी पुरेसे नाही. हिऱ्याची शक्यता पूर्णतः नाहीशी झाली असे म्हणता येत नाही, परंतु तिचा मुख्य आधार गेला.

ताऱ्याआड जाणारा ग्रह

ग्रह ताऱ्यापासून वेगळा दिसत नाही, तर त्याचे तापमान कसे मोजता येते? त्याची युक्ती सोपी आहे. ग्रह ताऱ्याच्या मागे जाण्यापूर्वी दुर्बिणीत तारा व ग्रह यांचा एकत्रित प्रकाश येतो. ग्रह मागे गेल्यावर केवळ ताऱ्याचा. वजाबाकी केली की ग्रहाच्या तप्त बाजूचा प्रकाश उरतो. या घटनेला पिधान म्हणता येईल. ५५ कॅन्क्री ई च्या बाबतीत ही वजाबाकी अवरक्त प्रकाशातही दहा हजारांत केवळ एका भागाच्या आसपास आहे. यंत्राच्या संवेदकातील सूक्ष्म चढउतारही याच मर्यादेत येतात, ही अडचण पुढील विवेचनात सतत लक्षात ठेवावी लागते.

या मापनातून वातावरणाचा प्रश्न कसा सुटतो, हे पाहण्यासाठी दोन टोके विचारात घेऊ. ग्रह वातावरणरहित व काळ्या खडकाचा असेल, तर मिळालेली उष्णता जेथल्या तेथे राहील. तारा डोक्यावर असलेल्या बिंदूवर तापमान सुमारे २,५०० अंश सेल्सिअस, तर पिधानात दिसणारे दिवसाच्या बाजूचे सरासरी तापमान सुमारे २,२०० अंश येईल. उलट, दाट वातावरणातील वारे उष्णता रात्रीच्या बाजूस समप्रमाणात नेत असतील, तर दिवसाची बाजू सुमारे १,७०० अंशांवर उतरेल. या दोन आकड्यांतील फरकावर सारे अवलंबून आहे.

ब्राइस-ऑलिव्हिए डेमोरी व सहकाऱ्यांनी स्पिट्झर दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून २०१६ मध्ये या ग्रहाचा औष्णिक नकाशा प्रसिद्ध केला. संपूर्ण फेरीत ग्रहाचा प्रकाश कसा वाढतो व घटतो यावरून दिवसाची बाजू सुमारे २,४०० अंश व रात्रीची सुमारे १,१०० अंश ठरली. सर्वांत तप्त भाग मध्यबिंदूपासून ४१ अंश पूर्वेस सरकलेला दिसला. उष्णता काहीतरी वाहून नेत आहे, असा याचा अर्थ होता. वारा की शिलारसाचा प्रवाह, यावर चर्चा झडली. २०२२ मध्ये त्याच निरीक्षणांचे संवेदकातील दोष वेगळ्या रीतीने दूर करून पुनर्विश्लेषण झाले, तेव्हा दिवसाची बाजू सुमारे ३,५०० अंश, रात्रीची १,४०० अंशांहून कमी आणि तप्त भागाचे सरकणे जवळजवळ नगण्य आढळले. निरीक्षणे तीच, उत्तर निराळे. त्यातही ३,५०० हा आकडा ताऱ्याच्या उष्णतेवरून निघणाऱ्या कमाल तापमानाहूनही अधिक आहे. म्हणजे त्या विशिष्ट तरंगलांबीवर एखादा तप्त वायू प्रकाश उत्सर्जित करीत असावा, अथवा मापनात अद्याप काही त्रुटी असावी.

वातावरण आहे काय?

इतक्या तप्त ग्रहावर हायड्रोजन व हेलियम हे हलके वायू टिकणे कठीण. ताऱ्याचे अतिनील व क्ष-किरण त्यांना अवकाशात उधळून लावतात. २०१६ मध्ये हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून हायड्रोजनयुक्त वातावरणाचे संकेत मिळाल्याचे सांगण्यात आले. परंतु ग्रहापासून निसटणारा हायड्रोजन वा हेलियम शोधण्याचे प्रयत्न निष्फळ ठरले आहेत. मूळचे आवरण नाहीसे झाले असले, तरी दोन प्रकारे नवे वातावरण निर्माण होऊ शकते. पहिला प्रकार खडकाच्या वाफेचा. अशा तापमानाला शिलारसातून सोडियम, सिलिकॉन मोनॉक्साइड व ऑक्सिजन यांची वाफ निघते. ती रात्रीच्या बाजूकडे वाहत जाऊन गोठते व खनिजांच्या रूपाने खाली पडते. तथापि हे वातावरण अत्यंत विरळ असते व उष्णता फारशी वाहून नेऊ शकत नाही. दुसरा प्रकार शिलारसात विरघळलेले कार्बन व इतर घटक वायुरूपाने बाहेर पडण्याचा.

मे २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवर आधारित रेन्यू हू व सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाच्या बाजूचे तापमान सुमारे १,५०० अंश, म्हणजे उघड्या खडकासाठी अपेक्षित असलेल्या २,२०० अंशांहून बरेच कमी आढळले. शिवाय ४.५ मायक्रॉनच्या आसपास ग्रहाचा प्रकाश घटलेला होता. याच तरंगलांबीवर कार्बन मोनॉक्साइड व कार्बन डायऑक्साइड प्रकाश शोषतात. शिलारसाच्या महासागरातून निघणाऱ्या वायूंचे वातावरण ग्रहाभोवती असावे, असा निष्कर्ष लेखकांनी काढला. सौरमालेबाहेरील खडकाळ ग्रहावर वातावरण असल्याचा तोवरचा हा सर्वांत सबळ पुरावा मानला गेला.

येथेही प्रश्न मिटला नाही. त्याच वर्षी जयशील पटेल व सहकाऱ्यांनी वेब दुर्बिणीनेच टिपलेल्या पाच पिधानांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. ४.५ मायक्रॉनवर ग्रहाचे दीप्ती-तापमान एका भेटीत सुमारे ६०० अंश, तर दुसऱ्या भेटीत सुमारे २,००० अंश भरले. स्पिट्झरच्या २०१२ व २०१३ मधील मापनांतही असाच चढउतार आढळला होता; तेव्हा तो यंत्रदोष असावा अशी शंका घेण्यास वाव होता. दोन भिन्न दुर्बिणींनी तेच दाखविल्यावर ती शंका बरीच क्षीण होते. ज्वालामुखींतून वायू उसळावा, त्याचे ढग व्हावेत, ते विरावेत आणि पुन्हा उसळावे, असे एक चित्र मांडले गेले आहे. चित्र आकर्षक आहे; परंतु ६०० अंशांचे मूल्य ग्रहाच्या कोणत्या थराचे, हे ठरविण्यास पाच निरीक्षणे अपुरीच म्हणावी लागतील.

इतर तप्त ग्रहांची साक्ष

हा खटाटोप एका दूरस्थ व निर्जीव ग्रहासाठी कशाला, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. चंद्राला जन्म देणाऱ्या आघातानंतर, सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी, पृथ्वीचा पृष्ठभागही शिलारसाचा होता व तिचे आरंभीचे वातावरण त्या शिलारसातून निघालेल्या वायूंनी घडले, असे मानले जाते. त्या अवस्थेचे अवशेष पृथ्वीवर जवळजवळ उरलेले नाहीत. खडक, शिलारस व वायू यांची देवाणघेवाण प्रत्यक्ष चालू असलेली पाहावयाची, तर असे ग्रहच उपलब्ध आहेत.

दुसरे कारण अधिक व्यापक आहे. खडकाळ ग्रह आपले वातावरण केव्हा राखतो व केव्हा गमावतो, याचा नियम अद्याप हाती आलेला नाही. एलएचएस ३८४४ बी हा पृथ्वीच्या १.३ पट त्रिज्येचा ग्रह एका तांबड्या बटू ताऱ्याभोवती ११ तासांत फिरतो. लॉरा क्राइडबर्ग व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखविले की, त्याच्या दिवसाच्या बाजूचे तापमान सुमारे ७७० अंश असून रात्रीच्या बाजूकडून मोजण्याजोगी उष्णता येतच नाही. उष्णता वाहून नेणारे दाट वातावरण तेथे नाही. त्याचा पृष्ठभाग गडद असून बेसॉल्टशी मिळताजुळता आहे. सह्याद्रीचे काळे कडे ज्या जातीच्या खडकाचे आहेत, त्याच जातीचा. ट्रॅपिस्ट-१ बी या ग्रहाचे २०२३ मधील वेबचे मापन, सुमारे २३० अंश, हेही उघड्या खडकाशी जुळणारे आहे. आकाशगंगेतील बहुसंख्य तारे तांबडे बटू असल्याने त्यांच्या ग्रहांवर हवा टिकत नसेल, तर जीवसृष्टीला योग्य अशा ठिकाणांची संख्या फार मोठ्या प्रमाणात घटेल.

आश्चर्य असे की, यांहून कितीतरी तप्त असलेल्या ५५ कॅन्क्री ई वर मात्र वातावरणाच्या खुणा दिसतात. डिसेंबर २०२५ मध्ये टीओआय-५६१ बी या ग्रहाविषयी तसाच अहवाल आला. त्याचे वर्ष साडेदहा तासांचे आहे. उघड्या खडकासाठी २,७०० अंश अपेक्षित असताना वेबने सुमारे १,८०० अंश मोजले, आणि त्याची घनताही अपेक्षेहून कमी आहे. त्याचा तारा सूर्याच्या सुमारे दुप्पट वयाचा आहे. म्हणजे इतका प्रदीर्घ काळ तापूनही ग्रहाजवळ वायू शिल्लक आहे, किंवा शिलारस तो पुनःपुन्हा पुरवीत आहे. हे दोन्ही ग्रह सूर्यसदृश ताऱ्यांचे आहेत व वातावरणरहित ठरलेले दोन्ही तांबड्या बटूंचे, ही बाब सूचक असली तरी चार उदाहरणांवरून नियम बांधता येत नाही. तांबड्या बटूंच्या खडकाळ ग्रहांची पिधाने मोजण्यासाठी वेब दुर्बिणीचे सुमारे ५०० तास राखून ठेवण्याचा निर्णय २०२४ मध्ये घेण्यात आला आहे. त्या मापनांतही हाती येणार आहे ती ताऱ्याच्या प्रकाशातील अत्यंत सूक्ष्म घट. आणि तिचा अर्थ लावताना संवेदकाचे दोष, ताऱ्यावरील डाग व निरीक्षणांचे वेळापत्रक या तिन्हींचा हिशेब आधी द्यावा लागणार आहे.